आधी पूर्वपक्ष लिहा: कॅथलिक परंपरेतलं तत्त्वज्ञान शिकताना

प्रश्न असा आहे. पारोळा तालुक्यातली एक विद्यार्थिनी तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे, घर वारकरी. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पेपरात तेराव्या शतकातला कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस दीड पानात संपतो: जन्म, मृत्यू, ईश्वरास्तित्वाचे पाच युक्तिवाद, टीका. तेवढ्यावर तिचं समाधान होत नाही. ती विचारते की ही परंपरा नीट शिकायची तर सुरुवात कुठून करायची, ख्रिस्ती नसताना ती शिकता येते का, हे मुळात तत्त्वज्ञान आहे की धर्मशिक्षण, लॅटिन किती लागेल, आणि शंकराचार्यांशी तुलना हा प्रबंधाचा विषय होईल का.

तत्त्वज्ञान की धर्मशिक्षण, हा प्रश्न आधी घेऊ, कारण तिथे घोटाळा झाला की पुढचं सगळं वाकडं जातं. हा प्रश्न अक्वायनसनेच ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या आपल्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्याच पानावर विचारला आहे. त्याचं उत्तर असं: एकच निष्कर्ष दोन शास्त्रं दोन वाटांनी काढू शकतात. पृथ्वी गोल आहे हे खगोलशास्त्रज्ञ गणिताने सिद्ध करतो आणि निसर्गाचा अभ्यासक पदार्थांच्या स्वभावावरून. (हे तेराव्या शतकात लिहिलेलं आहे. मध्ययुगात सगळे पृथ्वी सपाट मानत, असं सांगणाऱ्यांना हे वाक्य जरूर दाखवा.) तसंच तत्त्वज्ञान प्रत्यक्ष आणि अनुमान यांवरून चालतं, ईश्वरविद्या श्रुतीवरून, म्हणजे बायबलमधल्या प्रकटीकरणावरून. काही गोष्टी दोन्ही वाटांनी कळतात, काही एकाच.

सीमारेषा कुठे आहे हेही तो सांगतो. एका ईश्वरात तीन व्यक्ती आहेत हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा, पण तो बुद्धीने सिद्ध करता येत नाही असं त्याने पहिल्या भागाच्या ३२व्या प्रश्नात स्पष्ट लिहिलं आहे. विश्वाला काळात सुरुवात होती हेही बुद्धीने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेनेच मानायचं, असं ४६व्या प्रश्नात. तेव्हा ख्रिस्ती नसणाऱ्याने शिकायला काहीच हरकत नाही. रेषेच्या अलीकडचा प्रदेशच इतका मोठा आहे की त्यात दहा वर्षं जातील. वाचताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक आधारविधानापाशी थांबून विचारा, हे आलं कुठून? अनुभवातून आलं असेल तर समासात ‘अ’ लिहा, आधी सिद्ध झालेल्या विधानातून आलं असेल तर ‘सि’, शास्त्रवचनातून आलं असेल तर ‘श्र’. महिन्याभरात तुमच्या डोळ्यांना ती रेषा आपोआप दिसू लागेल.

परंपरेतले सगळे मात्र इतके काटेकोर नाहीत. ऑगस्टीन (३५४–४३०) एकाच वाक्यात प्रार्थनाही करतो आणि युक्तिवादही. ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागातलं काळाचं विवेचन तसंच आहे, आणि तरी काळावर त्याहून खोल लिखाण क्वचितच सापडेल. ‘ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ असं काही असूच शकतं का यावर १९३१ साली फ्रान्समध्ये एमिल ब्रेइए आणि एतिएन जिल्सॉन यांच्यात मोठा वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. चर्चची अधिकृत भूमिका १९९८ च्या ‘फीदेस एत रात्सिओ’ (‘श्रद्धा आणि बुद्धी’) या पोपच्या परिपत्रात आहे: चर्चचं स्वतःचं असं तत्त्वज्ञान नाही, आणि इतरांना डावलून कुठल्या एकाच दर्शनावर ते शिक्का मारत नाही. याच परिपत्राच्या ७२व्या परिच्छेदात भारतीय विचारपरंपरेचा मुद्दाम उल्लेख आहे. प्रबंधाच्या प्रस्तावनेत तुम्हाला तो लागेल.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते या अभ्यासाचं यशापयश एका सवयीवर ठरतं: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, लिहायचा. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला ही सवय नव्याने लावावी लागते. आपल्याकडे ती घरचीच आहे. मीमांसेतलं अधिकरण, म्हणजे एका प्रश्नाच्या चर्चेचा ठरलेला साचा, आठवा: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त, संगती. ‘सुम्मा’चा सगळ्यात लहान घटक, ज्याला लॅटिनात ‘आर्तिकुलुस’ म्हणतात, त्याची घडण जवळजवळ अशीच आहे, म्हणून मराठीत त्याला खुशाल अधिकरण म्हणावं. आधी एक प्रश्न, ‘असं आहे का?’ या रूपात. मग ‘असं वाटतं की...’ म्हणून दोन, तीन, कधी पाच-सहा आक्षेप. मग ‘पण याउलट’ म्हणून बहुतेक वेळा एखादं वचन. मग ‘मी उत्तर देतो की’ म्हणून मुख्य विवेचन. शेवटी एकेका आक्षेपाला क्रमाने उत्तर.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आक्षेपातलं वाक्य उचलून ते अक्वायनसचं मत म्हणून उद्धृत करणं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही चूक असते, छापील पुस्तकांतही सापडते. दुसरी चूक ‘पण याउलट’ला सिद्धान्त समजण्याची. तो सिद्धान्त नसतो. तिथे फक्त गाडी वळते. कधीकधी मुख्य उत्तर त्या वचनालाही मुरड घालतं.

संदर्भ वाचण्याची रीत एकदा कळली की गोंधळ थांबतो. पहिला आकडा भाग, दुसरा प्रश्न, तिसरा अधिकरण. ‘अॅड २’ असेल तर दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर. दुसरा भाग दोन तुकड्यांत आहे, म्हणून ‘दुसऱ्याचा पहिला’ आणि ‘दुसऱ्याचा दुसरा’ असे संदर्भ येतात. ग्रंथ अपुरा आहे. डिसेंबर १२७३ मध्ये त्याने लिहिणं थांबवलं आणि ७ मार्च १२७४ ला तो वारला. शेवटी जोडलेलं परिशिष्ट शिष्यांनी त्याच्या तरुणपणच्या लिखाणातून जुळवलेलं आहे. ते त्याचं परिपक्व मत म्हणून देऊ नका. नावांच्या जागी बिरुदं येतात, तीही पाठ करून ठेवा: ‘तत्त्वज्ञ’ म्हणजे अॅरिस्टॉटल, ‘भाष्यकार’ म्हणजे इब्न रुश्द, ‘प्रेषित’ म्हणजे पौल, ‘रब्बी मोशे’ म्हणजे मैमोनिदेस. एका कॅथलिक साधूच्या ग्रंथात मुसलमान आणि ज्यू विचारवंत पानोपानी साक्षीला येतात. पाठ्यपुस्तकातल्या दीड पानात नेमकं हेच राहून जातं.

एक अधिकरण जवळून पाहू: पहिला भाग, दुसरा प्रश्न, तिसरं अधिकरण. ‘ईश्वर आहे का?’ तुमच्या पाठ्यपुस्तकातले पाच युक्तिवाद इथून आले. आक्षेप दोनच आहेत. पहिला: ईश्वर म्हणजे अमर्याद चांगुलपणा, तो असता तर वाईट उरलंच नसतं, वाईट तर जगात आहे, म्हणून ईश्वर नाही. दुसरा: थोड्या तत्त्वांनी भागत असेल तर जास्त मानू नयेत, निसर्गातल्या गोष्टी निसर्गाने उलगडतात, माणसाच्या कृती त्याच्या बुद्धी-इच्छेने, मग ईश्वर हवा कशाला? आजचा नास्तिक याहून नेमकं काय म्हणतो सांगा. पाच युक्तिवाद हे या दोन आक्षेपांसमोर उभे आहेत. आक्षेप गाळून ते शिकवले की ते अधांतरी लटकतात, आणि विद्यार्थ्यालाही वाटतं की हा माणूस विचार न करता देव मानत होता.

वाचायची पद्धत अशी. पहिल्या दिवशी फक्त प्रश्न आणि आक्षेप वाचा, पुस्तक मिटा, आणि प्रत्येक आक्षेप स्वतःच्या मराठीत लिहा. इतका बळकट लिहा की तो मानणाऱ्याने म्हणावं, माझ्या मनातलंच लिहिलंत. दुसऱ्या दिवशी मुख्य उत्तर वाचा आणि त्यातली विधानं आकडे घालून सुटी करा. पहिल्या, म्हणजे बदलावरून ईश्वराकडे जाणाऱ्या, युक्तिवादात साधारण सहा-सात विधानं निघतात. तीनच निघाली तर तुम्ही काहीतरी गिळलं आहे. तिसऱ्या दिवशी आक्षेपांची उत्तरं. चौथ्या दिवशी स्वतःचा एक नवा आक्षेप लिहा आणि त्याला तिथल्याच सामग्रीतून उत्तर देता येतं का पाहा. देता आलं नाही तर तसं लिहून ठेवा, जुळवून आणू नका. वहीचं डावं पान पूर्वपक्षाला, उजवं सिद्धान्ताला. सुरुवातीला एका अधिकरणाला चार-पाच तास लागतात. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाला चाळीसेक. हे थोडं वाटेल, पण अशी चाळीस अधिकरणं झालेला विद्यार्थी पाचशे पानं नुसती चाळलेल्यापेक्षा फार पुढे असतो.

तरीही या अधिकरणापासून सुरुवात करू नका. बहुतेकजण इथूनच करतात आणि इथेच अडकतात, कारण यातले शब्द आधीच्या अभ्यासातून आलेले आहेत. शिकण्याचा क्रम अक्वायनसने अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या भाष्यात दिला आहे: आधी तर्कशास्त्र, मग गणित, मग निसर्गाचं तत्त्वज्ञान, मग नीती, आणि शेवटी सत्ताशास्त्र. एम.ए.च्या विद्यार्थिनीने तो असा जमवावा. दोन महिने तर्कशास्त्र: पद, विधान, अनुमान, आणि अॅरिस्टॉटलचं ‘कॅटेगरीज’. तुम्हाला न्याय ठाऊक असेल तर हे एका महिन्यात होईल. मग सहा आठवडे ‘दे प्रिन्सिपिईस नातुरे’, म्हणजे ‘निसर्गाची तत्त्वं’. ही अक्वायनसची तरुणपणातली छोटी पुस्तिका आहे. द्रव्य, आकार, अभाव आणि चार कारणं यांचा इतका स्वच्छ परिचय दुसरीकडे मिळत नाही. सोबत अॅरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’चे पहिले दोन भाग. मग ‘दे एन्ते एत एसेन्शिया’ (सत्ता आणि स्वरूप यांवरची त्याची पुस्तिका), आणि त्यानंतरच ‘सुम्मा’चा दुसरा प्रश्न, पहिल्या अधिकरणापासून. नीतीकडे ओढा असेल तर मधेच ‘निकोमाखियन एथिक्स’चे पहिले दोन भाग आणि ‘सुम्मा’तले कायद्यावरचे प्रश्न (दुसऱ्याचा पहिला तुकडा, प्रश्न ९० ते ९७) घ्यायला हरकत नाही. श्रुतीचा आधार न घेता तो किती लांब जातो हे पाहायचं असेल तर ‘सुम्मा कोन्त्रा जेन्तिलेस’ घ्या. त्याच्या चार भागांपैकी पहिले तीन मुख्यतः बुद्धीच्या आधाराने चालतात आणि चौथ्यात श्रद्धेचे विषय येतात.

शब्दांकडे वळू, कारण मराठी विद्यार्थ्याचा खरा खोळंबा इथे होतो. इंग्रजी भाषांतर वाचून त्याचं मराठी केलं की दोनदा गाळलेला चहा हाती येतो. पहिल्या युक्तिवादात इंग्रजीत ‘मोशन’ येतं, मराठीत त्याचं ‘गती’ होतं, आणि विद्यार्थी न्यूटन काढून बसतो. मूळ शब्द ‘मोटुस’. त्यात जागा बदलणं येतंच, पण लाकूड तापणं, केळ पिकणं, मुलाने अक्षर शिकणं हेही येतं. ‘बदल’ म्हणा. ‘पोतेन्शिया’ आणि ‘आक्तुस’ला संभाव्यता आणि वास्तवता हे रूढ शब्द चालतील, पण संभाव्यता म्हणजे ‘घडण्याची शक्यता’ नव्हे, ‘होण्याची अंगभूत पात्रता’. सरकीत कपाशी होण्याची पात्रता आहे, वाळूच्या खड्यात नाही. सरकी उगवेल की नाही हा वेगळा प्रश्न झाला. ‘सायन्शिया’ म्हणजे विज्ञान नव्हे, कारणासह सिद्ध झालेलं ज्ञान. ‘रात्सिओ’ सगळ्यात फसवा: कधी बुद्धी, कधी कारण, कधी व्याख्या, कधी ‘ज्या अंगाने पाहिलं ते अंग’. त्याला दरवेळी वेगळा शब्द वापरा आणि वहीत मूळ शब्द सोबत लिहून ठेवा. ‘सुब्स्तान्शिया’ला द्रव्य म्हणायला हरकत नाही, पण वैशेषिकांची नऊ द्रव्यं डोक्यातून बाजूला ठेवा. तिथे काळ आणि दिशाही द्रव्यं आहेत, इथे नाहीत. रूढ मराठी संज्ञांसाठी दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ (१९७४) जवळ ठेवा. लॅटिनचं उत्तरही यातच आलं: सुरुवातीला व्याकरण नको, असे तीसेक शब्द हवेत. मूळ लॅटिन आणि डोमिनिकन (अक्वायनसच्याच संघातल्या) साधूंनी केलेलं जुनं इंग्रजी भाषांतर दोन्ही जालावर मोफत आहेत. ती शेजारी शेजारी उघडून अडलेला शब्द तेवढा पडताळायचा. पीएच.डी. करायची झाली तर मात्र लॅटिनला वर्षभर द्यावं लागेल.

‘एन्ते’ पुस्तिकेतला मुख्य भेद, सत्तेचा आणि स्वरूपाचा, कळायला अवघड समजला जातो. अहिराणी बोलणाऱ्याला तो अवघड जाऊ नये. ‘हाई काय शे?’ आणि ‘शे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर वस्तूचं स्वरूप सांगतं, दुसऱ्याचं ती आहे की नाही ते. अक्वायनसचा युक्तिवाद (चौथं प्रकरण, काही आवृत्त्यांत पाचवं) असा: फिनिक्स पक्षी म्हणजे काय हे मला सांगता येतं, पण तो आहे का हे त्या ज्ञानातून कळत नाही. म्हणजे असणं हे वस्तूच्या ‘काय’मध्ये मोडत नाही, ते तिला वेगळं मिळालेलं आहे. मग ज्याचं ‘काय’ आणि ‘असणं’ एकच आहे असं काही आहे का? पाच युक्तिवादांमागे हाच प्रश्न उभा आहे. इथे एक सावधगिरी: ‘मला वेगळं कळतं’ यावरून ‘वस्तूतही ते वेगळं आहे’ इथवर जाताना एक पायरी लागते, आणि ती फिनिक्सच्या उदाहरणातच मिळते की पुढच्या परिच्छेदात, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. स्वतः शोधून पाहा.

पाच युक्तिवादांविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की ते मागे मागे जात विश्वाच्या आरंभापाशी पोचतात. ते तसे नाहीत, असूच शकत नाहीत. काळातला आरंभ बुद्धीने सिद्ध होत नाही असं त्यानेच म्हटलंय, हे वर आलं. मग ‘कारणांची मालिका अनंत जाऊ शकत नाही’ याचा अर्थ काय? तो दोन मालिकांमध्ये फरक करतो. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागेत दोन्ही दिसतात. केळीच्या खोडाला मुनवे फुटतात, त्या मुनव्याची केळ होते, तिला पुढचे मुनवे. आईझाड कापून टाकलं तरी मुनवा वाढतोच, कारण वाढण्याची ताकद आता त्याची स्वतःची आहे. ही मालिका मागे अनंत जाऊ शकते, अक्वायनसची त्याला हरकत नाही. त्याच बागेत ठिबकची नळी आहे. तोटीतून पाणी पडतंय ते बारीक नळीत दाब आहे म्हणून, तिच्यात दाब आहे तो उपमुख्य नळीमुळे, तिच्यात मुख्य नळीमुळे, आणि मुख्य नळीत पंपामुळे. यातल्या एकाही नळीला स्वतःचा दाब नाही. ती फक्त पुढे देते. आता नळी अमळनेरपर्यंत वाढवा, अनंत वाढवा, नळ्यांच्या बेरजेतून दाब तयार होणार नाही. ही मालिका एकाच क्षणी चालू असते, आणि तिला असं काही लागतं ज्याचा दाब उसना नाही. अक्वायनसचं स्वतःचं उदाहरण हातातल्या काठीचं आहे: काठी हलवते, पण हात हलवतो तोवरच.

उदाहरण कुठे तुटतं तेही सांगायला हवं, नाहीतर वर्गात पहिलाच हुशार विद्यार्थी अडवेल. पंप बंद केल्यावरही थोडा वेळ तोटीतून पाणी गळतं, आणि पंपही विजेवर उसना आहे. दुसऱ्या मुद्द्याने युक्तिवादाला धक्का लागत नाही, उलट तो त्यालाच पुढे नेतो. पहिला मुद्दा गंभीर आहे. एकदा ढकललेली वस्तू ढकलणारा थांबला तरी जात राहते, हे जडत्वाचं तत्त्व ‘बदलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दुसरं कोणीतरी बदलतं’ या विधानाला आडवं येतं का? काही टोमिस्ट, म्हणजे थॉमसचे अनुयायी, म्हणतात, एकसमान गती हा मुळी नवा बदल नव्हे. काही म्हणतात, युक्तिवादाचा खरा आधार गतीत नाही, असण्यात आहे, तेव्हा तो ‘एन्ते’च्या वाटेने मांडावा. अँथनी केनी यांनी १९६९ मध्ये पाचही युक्तिवादांवर केलेली टीका वाचल्याशिवाय या विषयावर लिहू नका. मला दुसरं उत्तर जास्त टिकाऊ वाटतं, पण त्याने पहिल्या युक्तिवादाचं स्वतंत्र बळ थोडं कमी होतं हे मान्य करावं लागतं.

याच जोडीची आणखी एक चूक म्हणजे पाच युक्तिवादांवर थांबणं. त्यांतून फार थोडं सिद्ध होतं: स्वतः न बदलता बदलवणारं काही आहे, आणि अशाच आणखी काही गोष्टी. ते एक आहे, चांगलं आहे, निरवयव आहे, शाश्वत आहे हे प्रश्न ३ ते ११ मध्ये येतं. ‘यातून देव कसा सिद्ध झाला?’ हा आक्षेप तिसरा प्रश्न न वाचणाराच घेतो.

कार्यावरून कारणाकडे जाणारा हा सगळा प्रकार तुम्हाला नवा नाही. गिरणेला पूर आला की वर कुठेतरी पाऊस झाला हे आपण ओळखतो; न्यायसूत्रांच्या परंपरेत या अनुमानाला शेषवत् म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाच्या दुसऱ्या अधिकरणात अक्वायनस नेमका हाच भेद करतो: कारणावरून कार्य आणि कार्यावरून कारण, आणि ईश्वराबाबत फक्त दुसरा मार्ग खुला आहे असं म्हणतो. ईश्वराच्या नुसत्या कल्पनेवरून त्याचं अस्तित्व काढू पाहणारा अॅन्सेल्मचा (१०३३–११०९) युक्तिवाद तो पहिल्याच अधिकरणात नाकारतो. दोघेही संत, दोघेही चर्चचे आचार्य. परंपरा म्हणजे एकमत नव्हे, हे यावरून लक्षात घ्या. पॅरिसच्या बिशपने १२७७ मध्ये २१९ विधानांचा निषेध केला, त्यांतल्या काहींचा रोख थॉमसच्याही मतांकडे होता असं बरेच अभ्यासक मानतात. माणसाच्या बुद्धीवर टेकलेला आप्तवचनाचा आधार सगळ्यात दुबळा, हे त्याचंच वाक्य आहे (पहिला प्रश्न, आठवं अधिकरण, अॅड २). त्यालाच आप्तवचन करून ठेवणाऱ्यांनी ते विसरू नये.

थॉमसपलीकडची नावं भराभर सांगते, कारण पहिल्या वर्षी ती फक्त नकाशासाठी हवीत. ऑगस्टीन आणि बोएथिअस आधी, डन्स स्कोटस आणि ओकम नंतर. १८७९ मध्ये पोप तेरावे लिओ यांच्या ‘एतेर्नी पात्रिस’ने थॉमसला पुन्हा मध्यभागी आणलं. त्यातून निघालेल्या पाठ्यपुस्तकांत आक्षेप आखडले आणि निष्कर्ष सुजले, म्हणून ती संदर्भापुरतीच वापरा. विसाव्या शतकात एडिथ स्टाइन हुसेर्लच्या वर्गातून आली, एलिझाबेथ अॅन्सकम विटगेन्स्टाइनच्या. अॅन्सकमचा १९५८ चा आधुनिक नीतिशास्त्रावरचा निबंध आणि अॅलस्डेअर मॅकिन्टायरचं ‘आफ्टर व्हर्च्यू’ (१९८१) हे दोन्ही तुमच्या नीतिशास्त्राच्या पेपरलाही थेट उपयोगी आहेत.

शिकायचं कुठे? तुम्ही अमळनेरपासून हाकेच्या अंतरावर आहात हे मोठं भाग्य आहे. प्रतापशेठांच्या देणगीतून १९१६ मध्ये उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिर, आजचं प्रताप तत्त्वज्ञान केंद्र, हे देशातल्या तत्त्वज्ञानाच्या जुन्या संशोधनसंस्थांपैकी एक. कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३०च्या दशकात तिथे होते आणि ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ तिथूनच निघायचं. त्या परंपरेचा कल अद्वैताकडे होता, म्हणून तुमच्या प्रबंधाची अर्धी बाजू तिथे सापडेल. दुसऱ्या बाजूसाठी पुण्यात नगर रस्त्यावरची ज्ञानदीप. १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालेलं सेमिनरीचं, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचं, हे काम १९५५ मध्ये पुण्यात आलं. तिथलं तत्त्वज्ञानाचं ग्रंथसंग्रहालय या विषयासाठी महत्त्वाचं आहे. जाण्याआधी विभागाच्या पत्राने वाचनाची परवानगी आणि वेळ ठरवून घ्या. चर्चच्या पदव्या आणि विद्यापीठाच्या पदव्या या वेगळ्या गोष्टी आहेत. नेट-सेट देऊन प्राध्यापक व्हायचं असेल तर विद्यापीठाची एम.ए. ५५ टक्क्यांनी (आरक्षित प्रवर्गाला ५०) पूर्ण करा, आणि हा अभ्यास तिच्या जोडीला ठेवा.

राहिला प्रबंध. विषय चांगला आहे, पण ‘शंकराचार्य आणि अक्वायनस: एक तुलनात्मक अभ्यास’ असा नको. असल्या शीर्षकाखाली दोन स्वतंत्र सारांश आणि शेवटी साम्य-भेदांचा तक्ता एवढंच होतं. समीकरणंही टाळा: माया म्हणजे परावलंबी अस्तित्व, मोक्ष म्हणजे ईश्वरदर्शन, सगुण म्हणजे ‘पर्सनल’. शेवटच्यावर पुण्यात शिकवणारे बेल्जियन जेझुइट (येशूसंघीय) धर्मगुरू रिचर्ड दे स्मेट (१९१६–१९९७) यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की ‘व्यक्ती’ या मूळ संकल्पनेत मर्यादा नाही, म्हणून निर्गुण ब्रह्माला ‘व्यक्ती नसलेलं’ म्हणणं चूक आहे. शंकराचार्यांच्या संबंधकल्पनेवर सारा ग्रँट यांनीही मोलाचं काम केलं. दोघांना वाचा, पण शेवटचं मत त्यांच्यावर सोपवू नका.

दोन छोटे उतारे निवडा. एकीकडे शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रभाष्य २.१.९. तिथे आचार्य म्हणतात की कार्य आणि कारण अनन्य असले तरी कार्याचं स्वरूप कारणाचं आहे, कारणाचं स्वरूप कार्याचं नाही. दुसरीकडे ‘सुम्मा’चा पहिला भाग, प्रश्न १३, अधिकरण ७. तिथे अक्वायनस म्हणतो की सृष्टीचा ईश्वराशी असलेला संबंध सृष्टीच्या बाजूने खरा आहे, ईश्वराच्या बाजूने तो फक्त आपल्या बुद्धीने जोडलेला. दोन्हीकडे एकाच दिशेचं अवलंबन आहे. हे खरं साम्य की वरवरचं, एवढाच प्रश्न प्रबंधाला पुरतो. जोडीला सृष्टी म्हणजे नेमकं काय यासाठी प्रश्न ४४ आणि ४५ लागतील, आणि भाष्यातलं २.१.१४. पहिलं प्रकरण मात्र पूर्वपक्षाचं ठेवा, आणि तो पुरता लिहा: शंकराचार्यांच्या मते परमार्थतः ब्रह्माहून वेगळी सृष्टीच नाही, अक्वायनसच्या मते ती खरी आहे आणि ईश्वराहून वेगळी आहे, जिथे एका बाजूचं पदच नाही तिथे संबंध कुठला आणि त्याची दिशा कुठली? म्हणून ही तुलना मुळातच उभी राहत नाही.